आधी घर चालून दाखवा

राहतबीकडं कुणी बिघडलेला नकाशा घेऊन आला, की ती पहिल्यांदा त्याच्या हातातला पेनड्राइव्ह घेते आणि टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावते. माणूस गडबडतो. त्याला वाटलेलं असतं, बाई कॉम्प्युटर लावेल, चार बटणं दाबेल आणि दहा मिनिटांत मोकळं करेल. राहतबी त्याला समोरच्या स्टुलावर बसवते आणि म्हणते, "आधी घर चालून दाखवा."

चालायचं ते तोंडानं. रस्त्यावरून फाटकात या, फाटकातून दारात या, दार उघडा. कुठल्या हातानं उघडलंत? आत आल्यावर समोर काय दिसतं? चपला कुठं काढल्या? पाणी प्यायला कुठं गेलात? असं करत करत ती त्याला स्वयंपाकघरातून, मोरीतून, जिन्यावरून गच्चीपर्यंत नेते आणि पुन्हा खाली आणते. हातात पेन्सिलीचा तुकडा असतो, पुढं पाठकोरा कागद. घर फिरून झालं की मग डब्याचं झाकण निघतं.

माझं नाव गुरुशांत. सोलापुरात विजापूर वेशीच्या आतल्या गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि मोठे नकाशे छापून देण्याचं दुकान आहे. दुकानाचा मागचा तिसरा हिस्सा मी प्लायवूडचं पार्टिशन घालून राहतबीला दिला, त्याला आता बारा वर्षं झाली. पार्टिशन छातीएवढंच उंच आहे, त्यामुळं पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि ऐकू येऊ नये म्हणून मी कधी खटपट केलेली नाही. गल्लीतले लोक मला चौकस म्हणतात, बायको भोचक म्हणते. दोन्ही खरं धरून चाला.

पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ही बाई नुसता वेळ काढते. बिघाड कॉम्प्युटरात आणि ही विचारते चपला कुठं काढता! एकदा मी तिला तसं तोंडावर म्हणालोही. ती चिडली नाही. म्हणाली, "अण्णा, मशीनला जे सांगितलं ते मशीननं केलंय. काय सांगायचं हुतं ते माणसाला ठाऊक. मी दोगांची गाठ घालून देते, बस." मला ते काही पटलं नाही. पण त्या दिवसापासून पार्टिशनपलीकडं कोण बसलंय आणि त्याचं काय बिघडलंय, हे कळल्याशिवाय मला जेवण जाईना.

राहतबी बावन्न वर्षांची. तिचे वडील इमामसाब शहाबादी फरशी बसवायचे. घरात फरशी बसवणारा सगळ्यात शेवटी येतो, त्यामुळं पाया खणणाऱ्यापासून गिलावा करणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या चुका त्याच्या पदरात पडतात. खोली काटकोनात नसेल तर ते त्यालाच कळतं, कारण शेवटची फरशी तिरकी कापावी लागते आणि मालक त्याच्यावरच ओरडतो. इमामसाब म्हणे ओरडून घ्यायचे आणि घरी येऊन कागदावर ती खोली काढून लेकीला दाखवायचे, की बघ, चूक इथं झाली, त्या माणसाच्या हातून, चार महिन्यांपूर्वी. दहावी झाल्यावर राहतबी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे गिरवायला लागली. पारदर्शक कागद, शाईचं पेन, आणि चूक झाली की अर्धं ब्लेड घेऊन शाई खरवडून काढायची. हात जड पडला तर कागद फाटायचा आणि चार दिवसांचं काम पाण्यात जायचं. पुढं ऑफिसात कॉम्प्युटर आला. दोन जुने ड्राफ्ट्समन, पेन सोडून उंदीर कोण धरणार म्हणून नोकरी सोडून गेले. राहतबी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या उंदराशी झटत बसायची. मालक वारले, ऑफिस बंद झालं, आणि ती माझ्या दुकानात आली.

तिच्याकडं येणारे बिघाड ऐकण्यासारखे असतात. बार्शीचा एक धान्याचा व्यापारी आपल्या इंजिनिअरला घेऊन आला होता. नकाशा नाहीसाच झाला होता. फाइल उघडली की काळा पडदा, बस. इंजिनिअर छातीठोकपणे सांगत होता की व्हायरस आहे. राहतबीनं व्यापाऱ्याला घर चालायला लावलं. तो बिचारा सगळ्या खोल्या फिरला आणि शेवटी म्हणाला, मागं विहीर आहे, पण ती भावाच्या वाटणीत गेली. राहतबीनं इंजिनिअरकडं बघितलं. त्यानं आधी विहीर काढली होती आणि वाटणी झाल्यावर पुसली होती. पुसताना तिचा एक ठिपका मागं राहिला होता, आणि तोही कुठंतरी धक्का लागून कोसभर लांब जाऊन पडलेला. आता कॉम्प्युटर बिचारा घर आणि ठिपका दोन्ही एकाच पडद्यावर दाखवायला बघत होता, म्हणून घर मोहरीएवढं होऊन दिसेनासं झालेलं. ठिपका पुसला आणि घर आलं. व्यापाऱ्यानं पडद्याला हात जोडले.

ट्रकवाल्या हमजाच्या नकाशात संडासच छापला जात नव्हता. पडद्यावर दिसायचा, कागदावर नाही. त्यासाठी तो माझ्याशी भांडला, माझ्या मशीनची शाई संपलीय म्हणाला. निघालं असं, की नकाशातल्या वेगवेगळ्या गोष्टी एकावर एक ठेवलेल्या पातळ कागदांसारख्या असतात आणि ज्या कागदावर संडास होता त्याच्यापुढची छापायची खूण बंद होती. महादेवप्पांच्या नकाशावर मालकाच्या नावाच्या जागी नऊ चौकोन आले, कारण ज्या अक्षरांत नाव लिहिलं होतं ती अक्षरं फाइलीबरोबर पाठवलीच नव्हती. याच महादेवप्पांच्या बाबतीत माझ्या हातूनही एक घोटाळा झालाय. छापताना मी 'कागदात बसवा' या खुणेवर टिचकी मारली. नकाशा आज्ञाधारकपणे आकसला आणि कागदात बसला. त्यांच्या गवंड्यानं त्याच कागदावर फूटपट्टी ठेवून मापं घेतली. फाटक झालं, पण गाडी आत जाईना. ही गोष्ट राहतबी दर सहा महिन्यांनी मला आठवण करून देते.

पण सांगायची आहे ती होटगीच्या नागव्वांची गोष्ट.

गेल्या मार्गशीर्षात एका बुधवारी दुपारी नंदीश आला. पंचविशीतला इंजिनिअर, जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये वाढलेला. स्वभावानं गरीब आणि बोलायला इतका अदबशीर, की त्याच्यावर रागावता येत नाही, आणि त्याचाच मला राग येतो. त्यानं स्टुलावर बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. एक सोफा त्याचं ऐकत नव्हता.

झालं होतं असं. होटगीच्या तिप्पण्णांचं घर त्यानं घरं काढायच्या एका नव्या प्रोग्रॅममध्ये काढलं होतं. त्या प्रोग्रॅममध्ये खाट, कपाट, टीव्ही असं सगळं तयार मिळतं, उचलायचं आणि खोलीत ठेवायचं. त्यातला सगळ्यात मोठा सोफा सात फुटांचा होता आणि याला हवा होता नऊ फुटांचा. यानं तो धरून ताणला. सोफा लांबीला वाढला, त्याबरोबर रुंदीला आणि उंचीलाही वाढला. मग तो खिडकीत अडकला. यानं सरकवला, तर तो उडी मारून दुसऱ्या भिंतीला जाऊन चिकटला. फिरवला, तर दार उघडताना त्याला आपटायला लागलं. मग यानं हॉलच वाढवायला घेतला. चौदा फुटांचा सोळा केला, सोळाचा एकोणीस. तरी त्यानं छापून आणलेल्या शेवटच्या चित्रात सोफ्याचा एक हात भिंत फोडून रस्त्यावर आलेला दिसत होता. मी पार्टिशनवरून वाकून ते चित्र बघितलं आणि मोठ्यानं हसलो.

नंदीश हसला नाही. शुक्रवारी सकाळी जेसीबी येणार होता. पायाचे खड्डे एकदा पडले, की कॉलम तिथंच उभे राहणार, मग भिंत इकडची तिकडं करता येणार नव्हती. आणि त्याला काळजी लागली होती ती नागव्वांची. तिप्पण्णा रेल्वेत गँगमन होते, तीन महिन्यांपूर्वी रिटायर झाले. नवरा-बायकोची एकतीस वर्षं क्वार्टरमध्ये गेलेली, हे त्यांचं पहिलं स्वतःचं घर, आणि वयाकडं बघता शेवटचंही. खोल्या किती, जिना कुठं, हे सगळं तिप्पण्णा आणि त्यांच्या लेकानं ठरवलं. नागव्वांना कुणी काही विचारलंच नव्हतं. नंदीशनं आपणहून फोन करून विचारलं, की काकू, तुम्हाला काय हवंय? त्यांनी एकच गोष्ट मागितली. त्यानं ती डायरीत लिहून घेतली होती आणि खाली दोनदा रेघ मारली होती. डायरी त्यानं उघडून दाखवली: सोफा, नऊ फूट, दर्शनी बाजूला.

"एवढंच मागितलंय त्यांनी, आपा," तो म्हणाला. "तेवढं तरी मला द्यायला पाहिजे."

पोराबद्दलचं माझं मत त्या क्षणी थोडं सुधारलं.

खरं सांगायचं तर काम दोन मिनिटांचं होतं. ताणताना लांबी-रुंदी-उंची एकत्र वाढू नये म्हणून एक खूण काढावी लागते, आणि वस्तू भिंतीला आपोआप चिकटू नये म्हणून दुसरी. राहतबीला ते झोपेतही येतं. तिनं तेवढं करून दिलं असतं तर नंदीश आनंदानं गेला असता आणि शुक्रवारी खड्डे पडले असते. पण तिनं पेनड्राइव्ह डब्यात टाकला.

नंदीशनं घर चालून दाखवलं. फाटक, दोन पायऱ्या, दार, दारातून थेट हॉल, डावीकडं सोफा. हॉलच्या मागं झोपायची खोली, बाजूला स्वयंपाकघर. राहतबीनं विचारलं, सोफ्यावर कोण बसणार? तो म्हणाला, पाहुणे. ती म्हणाली, नऊ फुटांवर पाच माणसं बसतील, होटगीला रोज पाच पाहुणे येतात का? त्याला माहीत नव्हतं. चपला कुठं काढणार? तेही माहीत नव्हतं. राहतबीनं पेन्सिल खाली ठेवली.

"ह्या घरात तू राहणार न्हाईस," ती म्हणाली. "जे राहणार हायेत त्यांना बोलव."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी दुपारी, तिप्पण्णा आणि नागव्वा वडापच्या रिक्षानं आले. नंदीश आधीच येऊन बसला होता. तिप्पण्णा उंच, हाडापेरानं मजबूत, पण खुर्चीत असे बसले होते की जणू खुर्ची दुसऱ्याची आहे आणि आत्ता कुणी उठवेल. नागव्वा बारीक अंगाच्या, डोक्यावरून पदर. त्यांचा आवाज इतका हळू, की मी मशीन बंद करून पार्टिशनला टेकलो तरी अर्धे शब्द निसटत होते. घशाचा काही त्रास असेल असं मला वाटलं.

राहतबीनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि तेच सांगितलं, घर चालून दाखवा. नागव्वांना आधी हसू आलं. न बांधलेल्या घरात कसं चालायचं, असं त्यांनी विचारलं. तिप्पण्णांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटत होता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग नागव्वांनी डोळे मिटले. आणि डोळे मिटल्यावर त्या अशा भरभर चालायला लागल्या, की त्या घरात त्या आधी शंभरदा जाऊन आल्या असाव्यात.

"दोन पायऱ्या चडले. चपला काडल्या. सोप्यात आले. डाव्या हाताला पाण्याचा माट हाय, तांब्या पालता घातलाय. भितीकडंला घोंगडं आंथरलंय. मग सोप्यातनं माजघरात गेले..."

राहतबीची पेन्सिल थांबली. मला काहीच खटकलं नव्हतं. नंदीश तर खुशीत मान डोलावत होता, कारण सोफा डाव्या हातालाच होता.

"अक्का, थांबा," राहतबी म्हणाली. "सोप्यावर आले म्हणालात, का सोप्यात?"

"सोप्यात."

"आन सोप्यातनं माजघरात?"

"व्हय. सोप्यातनंच जावं लागतंय की."

राहतबी नंदीशकडं वळली. "नंदीश, सोफ्यातनं उठून माणूस जाईल. सोफ्यातनं वाट कशी जाईल?"

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सोपा म्हणजे दर्शनी बाजूची जागा. तीन बाजूंनी भिंत, पुढून मोकळी, वर छप्पर. आलेला माणूस तिथं टेकतो, पाणी पितो, बोलतो. घरातलं माणूस त्याच्याशी तिथंच बोलतं आणि आतलं घर आपल्या जागी राहतं. आमच्या गावाकडच्या घराला सोपा होता. मी त्यात लहानाचा मोठा झालो, त्यातच अभ्यास केला आणि त्यातच मार खाल्ला. तरी आदल्या दिवशी मीही सोफा ऐकून दात काढत होतो!

नंदीशचा चेहरा लालबुंद झाला. त्याचं चुकलं कसं ते त्यानंच सांगितलं. त्याची आजी कॉफीला कापी म्हणायची, फोटोला पोटू म्हणायची. नागव्वाकाकू सोपा म्हणाल्या तेव्हा त्यानं मनातल्या मनात तो शब्द सुधारून घेतला. फोनवर पुन्हा विचारलं तर त्यांच्या बोलण्याला हसल्यासारखं होईल म्हणून विचारलंही नाही. सोपा असा काही शब्द असतो हेच त्याला माहीत नव्हतं. म्हणजे पोरगं अदबीपायी फसलं. आजवर मी माणसं उर्मटपणानं फसलेली बघितलीत, हा प्रकार माझ्यासाठी नवीन होता.

तिप्पण्णांना मात्र हसू आवरेना. आपल्या घरात नऊ फुटांचा सोफा, यावरच ते हसत राहिले. नागव्वा हसल्या नाहीत. त्या उठून टेबलावरच्या छापील नकाशाजवळ गेल्या आणि एकेका रेघेवरून बोट फिरवायला लागल्या.

"मग ह्यात सोपा न्हायच का?" त्यांनी हळूच विचारलं. "उद्या तर खड्डं पडणार."

राहतबीनं डबा उघडला, पेनड्राइव्ह लावला. पहिल्यांदा तिनं तो सोफा पुसला. तो राक्षस गेल्याबरोबर हॉल एकोणीस फूट लांब मोकळा पडला. ही जागा सोफ्यापायीच वाढलेली होती. त्याच्या हट्टापायी नंदीशनं पाच फूट जास्तीचे दिले नसते, तर आता सोपा घालायला जागाच नव्हती. राहतबी म्हणाली, मधे एक भिंत घातली की पुढं सोपा, मागं माजघर. तिनं हिशेब मांडला. माजघरातून जिना वर जात होता, त्यामुळं तिथं दहा फुटांच्या खाली येता येत नव्हतं. अर्धा फूट भिंतीत जाणार. उरले साडेआठ.

नागव्वा लगेच म्हणाल्या, "चालतंय की. साडेआट लई झालं." ज्याला कधी काही मागायची सवय नसते तो माणूस असा लगेच कमी घेतो.

इथं नंदीशनं तोंड उघडलं. तो आपल्या बाजूनं बरोबरच होता. तो म्हणाला, काकू, भिंत कशाला घालता? एकोणीस फुटांचा सलग हॉल मिळतोय. उजेड राहील, वारा खेळेल, पाहुणे आले तर ऐसपैस बसतील. आजकाल कुणी सोपा काढत नाही. तिप्पण्णांनाही ते पटलं. मला विचाराल तर मलाही पटलं, आणि विचारलं नसताना मी तसं बोलूनही गेलो. तीन पुरुष एका बाजूला झालो आणि नागव्वांनी पदर सारखा केला. आता त्या असू द्या म्हणणार आणि सोपा दुसऱ्यांदा जाणार, हे मला दिसत होतं.

राहतबीनं माउसवरचा हात काढला आणि त्यांच्याकडं पूर्ण वळून बसली. "अक्का, एक सांगा. सोपा तुमाला कशाला पायजे?"

नागव्वांनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. मग सांगायला लागल्या, त्याच हळू आवाजात. मी पार्टिशनच्या इकडून जाऊन आत उभा राहिलो. ऐकल्याशिवाय राहवलं नाही.

क्वार्टरला खोली एकच होती, मागं चुलीपुरती जागा. तिप्पण्णांना थंडीत आणि पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची, हातात बत्ती घेऊन रुळावरून चालत जायचं आणि चालत यायचं. सकाळी सात वाजता घरी येऊन ते झोपायचे. दार उघडलं की समोर त्यांची खाट. म्हणून दिवसभर नागव्वा पोरांना बोलू द्यायच्या नाहीत, भांडं वाजू द्यायच्या नाहीत. कुणी आलं की दार लोटून बाहेर उभं राहून कानाशी बोलायचं आणि उभ्या उभ्याच वाटेला लावायचं. हळू बोलायची सवय तिथं लागली ती लागलीच. सव्वीस वर्षांपूर्वी एकदा त्यांचे वडील आले होते, अक्कलकोटच्या पलीकडून, न कळवता, लेकीला शेंगा घेऊन. जावई झोपलेला. जावयाच्या उशाशी जाऊन बसणं त्यांना बरं दिसलं नाही. बाहेर बसायला जागा नव्हती, ऊन होतं. उठवते म्हटलं तर त्यांनीच हात धरला, निजू दे म्हणाले. उंबऱ्याबाहेर उभ्यानं तांब्याभर पाणी प्यायले, शेंगांची पिशवी दिली आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. त्यानंतर दीड महिन्यात ते वारले.

"तेवड्या लांबनं आले," नागव्वा म्हणाल्या, "आन मी त्यांना बस म्हणू शकले न्हाय."

मला फार वाईट वाटलं. सलग हॉलच्या बाजूनं मी जे बोललो होतो ते मला परत घ्यावंसं वाटलं. नंदीश डायरीतल्या त्या दोन रेघांकडं बघत बसला होता.

तिप्पण्णांचा चेहरा पार बदलला होता. ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती.

"मला उटवायचं की," ते म्हणाले.

"लागोपाट तीन रात्री गस्त हुती तुमची. रुळावर जाणाऱ्या माणसाला झोपंतनं कसं उटवू?"

"मागनं तरी बोलायचं. सव्वीस वर्सात कदी बोलली न्हाईस."

"बोलून काय करायचं हुतं?" नागव्वा म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "घर रेल्वेचं हुतं."

राहतबी पडद्याकडं वळली. सलग हॉलचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. तिनं मधली भिंत घातली, पुढची भिंत काढून टाकली, दोन पायऱ्या सोप्याला आणून लावल्या, डाव्या हाताला माठापुरता कट्टा काढला. घोंगड्याची जागाही तिनं ठिपक्यांनी दाखवली. प्रोग्रॅमच्या साठ्यात घोंगडं मिळत नाही. मग तिनं माप टाकलं आणि पडद्यावर साडेआठ फूट आलं. नागव्वांनी वाकून ते बघितलं, आकडा वाचता येत नसला तरी.

तिप्पण्णा खुर्चीतून उठले आणि पडद्याजवळ आले. त्यांनी विचारलं, यात झोपायची खोली कुठली? राहतबीनं माजघराच्या मागची दाखवली. केवढी आहे? बारा फूट.

"त्यातलं फूटभर काडा," ते म्हणाले, "आन पुडं सोप्याला द्या."

नंदीश चटकन म्हणाला, "अण्णा, तुमची खोली अकराची होईल. खाट आणि कपाट दोन्ही बसणार नाही. झोपायला अडचण होईल."

"होऊ दे," तिप्पण्णा म्हणाले. "आजवर लई झोपलो मी."

राहतबीनं माजघराच्या दोन्ही भिंती धरल्या आणि फूटभर मागं सरकवल्या.